जेथ्रोचा दोर

डॉर्सेट, मे १९२१

प्रिय आई,

हाताची जखम भरली आहे, जेवणही भरपूर मिळतं, तेव्हा काळजी करू नकोस. धाकट्या नेलचा खोकला थांबला का?

चर्चच्या अंगणातला युद्धस्तंभ पुरा झाला. त्यावरची अकराही नावं मी कोरली आहेत! त्यातले चौघे इथल्या चर्चच्या घंटा वाजवायचे.

रविवारी अनावरण होतं. घंटा सहा आणि माणसं पाचच. आदल्या दिवशी सरावाला विनी म्हणाली, "जेथ्रोचा दोर मी ओढते. त्यानंच मला शिकवलंय." जेथ्रो तिचा भाऊ, फ्रान्समध्ये लढताना पडला. पण घंटावाल्यांचे प्रमुख जोवेट, म्हणजे तिचे वडीलच, म्हणाले, "बाईमाणसाचं काम नाही ते. घरी जाऊन पाव भाज."

माझं डोकं तुला ठाऊकच आहे. मी ओरडलो, "मग त्यालाच बोलवा की फ्रान्सहून!"

म्हातारा पाठ फिरवून निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी घंटाघरात जोवेटकाकांनी एक लाकडी खोकं आणून विनीच्या पायांशी ठेवलं. "हात पुरायचा नाही तुझा. जेथ्रोही आधी यावरच उभा राहायचा." मग माझ्याकडे वळले, "आणि तू रे, कॉलेजातल्या शहाण्या, खाली जाऊन ऐक."

शोक म्हणून घंटांच्या लोलकांना एका बाजूनं चामडं बांधलं होतं. एक ठोका खणखणीत, पुढचा दबका. विनीचा एकही चुकला नाही. स्तंभापाशी सगळा गाव ताठ उभा होता, आणि मीही.

मी कॉलेज सोडून छिन्नी धरली म्हणून आलेला बाबांचा राग उतरला असेल, तर सांग की विनीशी लग्नाबद्दल मी जोवेटकाकांना विचारणार आहे. नाही म्हणाले, तरी ओरडणार नाही.

तुझा तापट पण सुखरूप,
वॉल्टर