अंदाजाने शिवलेला गाऊन

ताई,

कोविडमधून उठले ती थेट विमानात बसले, तुझ्यासाठी. उतरल्यावर टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह आली. बरी झाल्याचं डॉक्टरांचं पत्र दाखवलं, तर तिथली बाई म्हणाली, "नियम आहे." तिला बहीण नसावी. मला हॉटेलच्या खोलीत कोंडलं. खिडकीतून तुझं हॉस्पिटल दिसायचं.

तुझा लेक फोनवर म्हणायचा, "मावशी, आई आणखी खंगली." मग मी तुझ्यासाठी आणलेला गाऊन उसवायचे, पुन्हा आत घ्यायचे. माप घेतल्याशिवाय मी कुणाचंच शिवत नाही, तुला ठाऊक आहे.

काल तू गेलीस. तुझा लेक गाऊन न्यायला आला. कापडाला बाहेर सोडलं, मला नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अगदी बरोबर बसला, मावशी. त्यातच नेलं आईला."

खांद्यात ओढत नव्हता ना गं?

तुझी धाकटी