रेघेच्या पुढचे ओठ

कॅली,
रविवार, ९ जून, भर दुपार

प्रिय फ्लोर,

तुला आणि यिसेलाला खूप खूप प्रेम. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, एक दिवस चर्चच्या पायऱ्या चढली नाहीस तर देव काही गैरहजेरी मांडत नाही. तू पाठवलेली सुकी कोळंबी पोचली. नारळाच्या दुधात भात केला, अर्धं पातेलं एकटीनं संपवलं आणि नंतर पोट धरून बसले. पंचेचाळिशी उलटली तरी हावरटपणा काही जात नाही बघ.

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. फोन का करत नाहीस म्हणशील, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? आणि गुआपीला फोन लागला तरी निम्मं बोलणं वाऱ्यावरच जातं. हे निम्मं ऐकून चालायचं नाही. कप्तान सेगुंदो मंगळवारी ब्वेनाव्हेंतुराहून बोट घेऊन निघतोय, त्याच्याकडे देते. शनिवारी तू यिसेलाला इकडं पाठवणार, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं.

तिचा बाजूनं काढलेला फोटो मिळाला. खाली तू लिहिलंयस, "ताई, बघ माझी कार्टी! ओठ अगदी माझे. चार दात काढून तू मला चेहरा दिलास, तसाच हिलाही दे. सुट्टीतच उरकून टाक." मी वाचलं आणि फोन पालथा घातला.

मध्येच उठून कॉफी टाकून आले. ती उतू गेली. पुसून परत बसले. आज हे असंच चाललंय, जिवाला म्हणून चैन नाही.

आमचं मोजमापाचं काम संपलं, हे तुला सांगायचं होतं. तेच ते, ज्याच्यासाठी मी दोन वर्षं ब्वेनाव्हेंतुरा ते गुआपी बोटीतून ओकत फिरले. ज्यांच्या दातांना कधी तार लागली नाही, अशी आपल्या किनाऱ्यावरची एकशे वीस माणसं. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि ओठ तिच्या किती मागं, किती पुढं ते मोजायचं. आम्ही शिकलो त्या पुस्तकात खालचा ओठ रेघेच्या दोन मिलिमीटर मागं हवा असं छापलंय. ते कुणाला मोजून ठरवलं? कुठल्या तरी थंड मुलखातल्या गोऱ्या माणसांना. आपल्या लोकांचा ओठ सरासरी तीन मिलिमीटर पुढं आला. पुढं, फ्लोर. आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यात काही बिघडलेलं नाही.

नुसती सरासरी काढून भागत नाही. लोकांच्या डोळ्यांना काय बरं दिसतं, तेही विचारावं लागतं. म्हणून बाजूनं काढलेले फोटो, नावगाव काही न लिहिता, एकतीस जणांना दाखवले. त्यांत मास्तर होते, नर्सा होत्या, बाजारातल्या बायका होत्या. दहापैकी गुण द्यायचे. त्या ढिगात मी दोन फोटो जास्तीचे घातले. मोजणीत ते धरले नाहीत, धरता येतच नव्हते. सत्तेचाळीस नंबरचा फोटो तू सतरा वर्षांची असतानाचा, दात काढण्याआधीचा. अठ्ठ्याऐंशी नंबरचा तीन वर्षांनंतरचा, तार काढल्यावरचा.

का घातले? सोबतच्या लोकांना सांगितलं, पडताळणीसाठी. तुला खरं सांगते, मला शाबासकी हवी होती. अठ्ठ्याऐंशीला भरभरून गुण पडतील आणि मी तुझं भलंच केलं हे एकदाचं कागदावर येईल, असं वाटलं होतं.

बाजारात शिंपल्या विकणाऱ्या पास्तोराला तू ओळखत नाहीस. तिची जीभ म्हणजे कोयता. तिनं सत्तेचाळीस उचलला आणि जागच्या जागी हसली. "अगं बाई, ही कोण गं? हसायला लागली की हिला आवरायला दोन माणसं लागत असतील! लिही, दहा लिही." मग चाळीसेक फोटो गेले आणि अठ्ठ्याऐंशी आला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "ही मघाच्या पोरीची आई का? बिचारी आजारातून उठलेली दिसते."

वीस वर्षांची होतीस तू त्या फोटोत.

मी मान खाली घालून गुण लिहून घेतले. मला वाटलं, पास्तोराला काय कळतंय. पण बेरीज केली तर सगळ्या ढिगात सत्तेचाळीस पहिला आला. अठ्ठ्याऐंशी निम्म्याच्याही खाली गेला.

आता इथंच थांबले असते तर बरं दिसलं असतं. पुस्तक चुकीचं होतं, मी बिचारी विद्यार्थिनी, मला काय माहीत. आधीच्या दोन्ही पत्रांत हेच लिहिलं होतं, म्हणून फाडली.

तू माझ्याकडं कशासाठी आली होतीस, आठवतं? वरचा एक दात जरासा फिरला होता. "ताई, शाळेच्या शेवटच्या फोटोआधी तेवढा सरळ कर की." एक दात! तुझ्या जबड्यात जागेला काही तोटा नव्हता. सहा महिन्यांच्या तारेत काम झालं असतं. मी तुला सांगितलं, चार दात काढले नाहीत तर तो परत फिरेल. ते खोटं होतं, फ्लोर. सांगतानाच मला माहीत होतं. परीक्षेला मला एक पूर्ण केस दाखवायची होती, दात काढून, त्या मोकळ्या जागेत पुढचे दात मागं ओढून ओठ रेघेच्या आत आणलेली, आणि घरातली बहीण आयती हाताशी होती. पैकीच्या पैकी मिळाले मला.

तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. आमचे डॉ. होल्गिन वर्गात म्हणायचे, "ओठ आत गेले की चेहरा शिकलेला दिसतो." सगळे हसायचे. मीही हसायचे, तोंडावर हात धरून. अख्ख्या वर्गात तसे ओठ माझे एकटीचे. आणि एक दिवस तू डबा घेऊन कॉलेजात आलीस, जिन्यात कुणाशी तरी बोलताना खदाखदा हसलीस, आणि होल्गिननी वळून पाहिलं. मला तुझी लाज वाटली. माझ्या स्वतःच्या बहिणीची. त्याच आठवड्यात मी तुला खुर्चीवर बसवलं.

आणि तू बावीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत फिरतेस, माझ्या ताईनं मला चेहरा दिला. आणि दर वेळी मी ते कौतुक पदरात पाडून घेते. यिसेलाचा फोटो आला नसता तर मेले तरी बोलले नसते. अशी आहे तुझी ताई.

आत्ताचा तुझा चेहरा मला नावडतो असं समजू नकोस. मला तो जिवापाड प्रिय आहे. पण तो मी तुला दिला नाही. होता तो चांगला होता.

यिसेलाचा फोटो मी मोजला. रेघेच्या साडेतीन मिलिमीटर पुढं. आपल्या नव्या तक्त्यात अगदी मधोमध बसते पोरगी. तिचा एकही दात मी काढणार नाही. खालचे दोन जरा वाकडे आहेत, सुट्टीत तार बसवून ते नाताळापर्यंत सरळ करून देईन. दुसऱ्या कुणाकडं नेऊन काढून घेशील, तर मी तुला अडवू शकत नाही. पण त्याआधी सोबतचे दोन्ही फोटो बघ. मागं एकतीस जणांचे गुण लिहिलेत. तिलाही दाखव, आणि सत्तेचाळीस नंबरची मुलगी कोण, ते तुझ्या तोंडानं सांग.

शनिवारी तिला एकटीला पाठवू नकोस, तूही ये. भांडायला ये. बोटीतून उतरल्या उतरल्या ब्वेनाव्हेंतुराच्या धक्क्यावर चार लोकांत मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. फक्त हसून "जाऊ दे गं ताई" म्हणू नकोस. ते मला सोसायचं नाही.

तुझे चार दात माझ्या टेबलाच्या खणात बाटलीत आहेत. अभ्यासाला म्हणून ठेवले होते. चारही धडधाकट, कुठं कीड नाही. येशील तेव्हा तुझ्या हवाली करते.

तू एक दात सरळ करायला आली होतीस, आणि जिनं तुझ्या चेहऱ्यात आपली लाज दुरुस्त केली, ती तुझी ताई,

एनेलिया