थोरली आणि धाकटी

३ मार्च

वनरक्षक जंगलातल्या कॅमेऱ्यांचं कार्ड देऊन गेला. एक हजार एकशे बारा फोटो! त्यातले हजार तरी हलणाऱ्या गवताचे. चहा घे म्हटलं तर "पुढच्या वेळी, काकू." दोन वर्षं पुढचीच वेळ चालू आहे.

ओढ्याच्या कॅमेऱ्यात थोरली, कड्याच्या कॅमेऱ्यात धाकटी. बिबट्याच्या दोन्ही माद्या सुखरूप. ठिपक्यांवरून ओळखते मी त्यांना. नावंही माझीच — मला बहीण नाही, तेवढीच हौस.

४ मार्च

दिवसभर कुणाशी बोलले नाही. दूधवाला धरला तर दोन शब्द.

७ मार्च

ज्या वन्यजीव संस्थेसाठी मी हे फोटो तपासते, तिथून मॅडमचा फोन. दरीतल्या नव्या खाणीची सुनावणी वीस तारखेला. "काकू, सगळी भिस्त तुमच्या मोजणीच्या तक्त्यावर. दोन माद्या असल्या तर दरीला कुणी हात लावू शकत नाही. एकच असली तर तिला पकडून दुसरीकडे हलवतील, आणि मग झाडं तोडायला मोकळे!" म्हटलं, निश्चिंत राहा. फोन ठेवल्यावर एकटीच हसले. किती वर्षांनी कुणाची तरी माझ्यावर भिस्त!

१२ मार्च

घात झाला. ओढ्यावर आता समोरासमोर दोन कॅमेरे लावलेत. डावीकडून टिपली ती थोरली. त्याच क्षणी उजवीकडून — धाकटी! दहा वेळा ताडून पाहिलं. पाण्यावर उतरताना तिची डावी कूस दिसायची, कड्यावरून परतताना उजवी. दोन कुशींवरचे ठिपके वेगळे असतात हे या कामात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी एकीच्या दोघी केल्या! जन्मभर गणित शिकवलं म्हणे.

धाकटी कधी नव्हतीच. रडू आलं. जी नव्हती तिच्यासाठी काय रडायचं? पण आलं.

१५ मार्च

मॅडमना फोन लावला. "घाईत आहे काकू, काही विशेष?"

"नाही. सहजच."

१६ मार्च

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायची. आज दिवसभर घरातच येरझाऱ्या घातल्या. जेवले नाही.

१९ मार्च

उजवीकडचा फोटो पुसला.

२० मार्च

"माद्या किती?" अधिकाऱ्याने विचारलं. "दोन," म्हटलं. आवाज कापला नाही. खाण रद्द! मॅडमने गळ्यात पडून "काकू, तुमच्यामुळे" म्हटलं. दरीत ती एकटीच आहे, आणि हे कुणाला बोलून दाखवायची सोय राहिली नाही.