ट्रेलरखालचा माणूस

१२ एप्रिल ८७, रवि. वॉटफर्ड.
श्री सकाळी अबर्डीनला गेला. चार आठवडे समुद्रात, तेलाच्या रिगवर. जाताना बोट लॉनवर उपडी घालून गेला आणि घरापुढच्या ड्राइव्हमध्ये ठेवला तो बोट ओढायचा ट्रेलर. निव्वळ भंगार! खाऱ्या पाण्यात बुडवून बुडवून आधीच्या मालकानं बेअरिंगची वाट लावलीय, चाकं जाम. ‘मी आल्यावर बघू.’ म्हणजे झालंच.
अण्णांना मात्र हुरूप आला. सांगलीहून आल्यापासून बिचारे नुसते खिडकीत बसून असतात. ‘सुलभा, हेडमास्तरकी सुटल्यापासून हाताला काम नाही गं. मी करतो हे.’ करा म्हटलं. बोल्ट कुठल्या बाजूनं सुटतो हे माहीत नाही, पण उत्साह दांडगा. सासरे रिकामे बसण्यापेक्षा बरं.

१५, बुध.
लायब्ररीतून ट्रेलर-दुरुस्तीचं पुस्तक आणून दिलं. अण्णा पेन्सिल घेऊन वाचतायत. श्रीचा जुना बॉयलर सूट, वर माकडटोपी. हसू आवरलं नाही. तेही हसले.

१८, शनि.
काय करून बसले मी आज.
समोरची मिसेस पार्सन्स आली होती. दोन वर्षांत धड हॅलो नाही म्हणाली कधी. आज स्वतःहून ‘डॉक्टर, घर किती छान ठेवलंय तुम्ही.’ मी आपली फुगले. अण्णा ट्रेलरखाली आडवे, फक्त पाय दिसत होते, मग गंजानं लाल झालेलं तोंड बाहेर आलं. मान हलवून परत आत. ती म्हणाली, असा कामाचा माणूस कुठून मिळवलात? इथे कोणी मिळत नाही हो. आमचं गेट करेल का तो?
आणि मी म्हणाले, ‘ही’ज रादर बिझी.’
बस. एवढंच. माझे फादर-इन-लॉ आहेत, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. आधी मनाशी म्हटलं, आता तिची चूक दुरुस्त केली तर तीच ओशाळेल. खोटं. मलाच त्या क्षणी तो माणूस माझा नको होता. शी!
अण्णा ट्रेलरखाली होते, वायर ब्रश चालू होता. ऐकलं नसावं.

२१, मंगळ.
हॉस्पिटलमध्ये दिवसभर डोक्यात तेच. ऑपरेशन थिएटरमधून येताना ठरवलं, आज जाऊन सांगायचं. तिच्या दारात गाडी नव्हती. सुटले म्हणून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी लाज.
अण्णांनी बेअरिंग उलटं बसवलं. पुन्हा काढलं. चिडचिड नाही, काही नाही. वर मला विचारतात, ‘तुला बरं नाही का गं? चेहरा उतरलाय.’

२५, शनि.
दुकानातून आले तर अण्णा ड्राइव्हमध्ये नाहीत. समोर बघते तो पार्सन्सबाईंच्या गेटाला रंग लावतायत! परस्पर विचारलं म्हणे तिनं, आणि हे गेले. दुपारी तिनं चहा दिला. बाहेर, पायरीवर. टवका उडालेल्या मगमधून. अण्णांनी पायरीवर बसून प्यायला आणि मग धुऊन पालथा घालून ठेवला.
आमच्या माहेरी मागच्या पडवीत असाच एक कप होता, कानतुटका, भांडीवाल्या बाईंचा. मी लहानपणी त्यात वरून चहा ओतलाय, हात लागू नये म्हणून. कुणाला काही वाटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही.
‘अण्णा, कशाला गेलात?’
‘बोलावलं तिनं. शेजारधर्म.’


३ मे, रवि.
ट्रेलरला रेड ऑक्साइड लावून झाला. चाकं फिरायला लागली! अण्णांनी मला हाक मारून बाहेर नेलं आणि एक चाक हातानं फिरवून दाखवलं. घरघर नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखे उभे होते. मी टाळ्या वाजवल्या आणि वाजवता वाजवता नजर रस्त्यावर गेली, समोरून कोणी बघतंय का.
हे लिहितानाही किळस येते स्वतःची.

८, शुक्र.
श्री उद्या संध्याकाळी येतोय. रविवारी बोट पाण्यात. पार्सन्सबाई त्याच्यासमोर ‘तुमचा माणूस’ म्हणाली तर? श्री मला तोंडानं काही बोलणार नाही, नुसता बघेल.
म्हणून उद्या दुपारी बाईंनाच चहाला बोलावलंय. टेबलाशी. अण्णा माझ्या शेजारी बसतील आणि मी सांगणार. वाक्यसुद्धा ठरवलंय. धिस इज माय हजबंड्स फादर. सोपं आहे. पहिलीतल्या पोराला येईल.

९, शनि.

टेबल लावलं. चकल्या, केक. अण्णांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला, ‘पाहुणे येतायत’ एवढंच सांगितलं. ते बसले. बेल वाजली, बाईंना आत आणलं. मी श्वास घेतला, ‘मिसेस पार्सन्स, धिस इज’
तेवढ्यात अण्णा उठून उभे राहिले. खुर्ची नीट आत सारली. आणि त्यांच्या त्या स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, ‘द ट्रेलर इज रेडी, डॉक्टर. आय शॅल बी आउटसाइड.’
डॉक्टर. मला. लग्नापासून सुलभा म्हणणारे.
म्हणजे ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी, ट्रेलरखालून. एवढे दिवस मला सांभाळून घेत होते. गेटही त्यासाठीच रंगवलं असेल का?
‘अण्णा, बसा ना. अहो, बसा हो.’ मराठीत म्हणाले मी. मराठीतच! बाईंना वाटलं, कामच सांगतेय. ‘किती आज्ञाधारक आहे,’ म्हणाली आणि केक घेतला. मी दुधाचं भांडं पुढे केलं.
ती गेली आता. श्रीची गाडी सहाला. अण्णा बाहेर चाकाला ग्रीस भरतायत, इस्त्रीच्या सदऱ्यावर. खिडकीतून दिसतायत. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. जाऊन म्हणायचं काय? अण्णा, मी