तापीच्या बेटावरचे करकोचे आणि दोन गावं

शहादे, पौष वद्य पंचमी, शके १८५३

तीर्थस्वरूप मगनमामांच्या सेवेशी, भाचा नवल याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, जिभेला मात्र थंडी बाधलेली नाही. तुम्हाला धुळ्याची हवा आणि कचेरीचं काम मानवत असेलच. मामींचा खोकला कसा आहे, ते कळवावं.

तुम्हाला ठाऊक आहे, दर पौषात मी, माझ्या शाळेतले दोधू मास्तर आणि सुकलाल वैद्य असे तिघे तापीच्या वाळूत बसून थंडीपुरते आलेले पक्षी मोजतो. (सांगितलंय कुणी, असं आई विचारते. कुणीच नाही. यंदा जास्त आले की कमी, एवढंच कुतूहल.) मी करकोचे मोजतो, दोधू बदकं, आणि वैद्यबुवा चक्रवाक, कारण चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन खरंच रडते का, हे त्यांना एकदाचं ठरवायचं आहे. यंदा करकोच्यांनी वाळूचा पट्टाच्या पट्टा राखाडी करून टाकला होता. मी मोजायला लागलो, तोच अलीकडच्या गावचे दिलवरसिंग पाटील माणसं घेऊन मागे उभे. "गये साल माणसं मोजी गयात, मंग पट्टी वाढनी. आते पाखरं मोजी ऱ्हायनात," ते सोबत्यांना म्हणाले. खानेसुमारीला दोधूच त्यांच्या गावात फिरला होता (आणि अंगात कोटही तोच होता). आमचा सरकारशी काही संबंध नाही, असं मी पोटतिडकीने सांगितलं. त्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

मग त्यांनी पत्र्याचे डबे बडवून सगळी पाखरं नदीपार हाकलली, म्हणजे पाखरांची करपट्टी पलीकडच्या गावावर बसावी. पलीकडच्यांना ही गोम कळायला वेळ लागला नाही. त्यांनी ढोल आणला. दुपारपर्यंत पाखरं हेलपाटे घालत होती, दोधू तीच ती बदकं पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि वैद्यबुवा वर बघत मागे सरकता सरकता कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसले. शेवटी सगळ्यांचे हात दुखले आणि करकोचे नदीतल्या बेटावर उतरले. तेवढ्यात हरभऱ्याची भाजी खुडून परतणाऱ्या, अलीकडच्या गावच्या धनुबाई आमच्यापाशी थांबल्या. "ह्या कथाईन येतस, भाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उत्तरेकडून असावेत, नक्की ठाऊक नाही. "तेच माहीत नही, ते मंग मोजतस कसाले?"

मी मोजणं थांबवलं. पण मामा, त्यानंतर कुणी उठलंच नाही. एक करकोचा मान लववून उडी मारी, मग दुसरा मारी, आणि पाटील आमच्याशेजारी वाळूत बसून हलक्या आवाजात विचारत होते, यांच्यात नर कोणता, मादी कोणती, इतक्या लांबून वाट कोण दाखवतं. एकाचंही उत्तर आम्हाला आलं नाही. अशी छान दुपार पुष्कळ दिवसांत गेली नव्हती.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नवल

ता. क. पाटील काल शाळेत आले होते. पट्टी नाही, हे त्यांना पटलं. तेव्हा करकोच्यांनी खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई सरकारने द्यावी, असं त्यांचं म्हणणं. आता सगळी पाखरं आमचीच, म्हणून दोन्ही गावं भांडताहेत. असा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, तेवढं उलट टपाली कळवावं.

पुन्हा ता. क. अर्जात आईने आपलंही नदीकाठचं शेत घालायला लावलं आहे. तिथे यंदा हरभरा पेरलाच नव्हता, हे कचेरीत बोलू नये, असा तुमच्या बहिणीचा निरोप आहे.