मांदेली परत दर्यात टाकू नये

मी, वॉरेन बॅप्टिस्ट परेरा, वय अठ्ठावीस, राहणार मरोळ गावठण, अंधेरी पूर्व, धंदा विचाराल तर मोटारसायकलवर लोकांना डोंगर दाखवणं आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर बारकी क्रिप्टो कॉइन घेणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहितो. अक्कल ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही. मागच्या महिन्यात कसारा घाटात गाडी घसरली. दरीकडे पाय करून पडल्यापडल्या एकच मनात आलं, की मी मेलो तर कॉइनही गेली. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. म्हणून हे लिहिणं.

कलम १. घर पपांचं होतं, आता मम्मीचं. माझा फक्त पोटमाळ्यावरचा तंबू. तो चर्चच्या पोरांना द्यावा. एक काठी स्पितीला राहिली. तिथलं आकाश सांगायला बसलो तर कागद पुरणार नाही, असो.

कलम २. बिटकॉइन म्हणजे पापलेट, ते आपल्याला परवडत नाही. मी मांदेली घेतो, म्हणजे ज्यांची नावं कोणी ऐकली नाहीत अशी कॉइन. ती काही काळ बंद करून ठेवली की त्यांच्यावर व्याजासारखी आणखी मिळतात. मिळालेली मी परत त्यातच टाकतो. पाच वर्षांत एक रुपया बाहेर काढला नाही. मम्मी ओरडते, "मांदेली कोन परत दर्यान टाकतं रं, मोठी व्हावाला? तलून खा!"

कलम ३. माझ्या विकी नावाच्या मित्राने "झकास आहे, डोळे मिटून घे" म्हणून एक कॉइन माझ्या गळ्यात मारलं. तसली चाळीस लाख आहेत, एक वडापाव येणार नाही. ती सगळी विकीलाच परत. त्याने डोळे मिटून घ्यावीत.

कलम ४. बाकी सगळी कॉइन व्हेनेसाला. ती मुलुंड गावठणची, नाहूरला फिजिओथेरपी करते. माझा आखडलेला खांदा तिने हलता केला, तिथून ओळख. नाहूरलाच आम्ही एक खोली बघितली होती. खिडकीतून डोंगर दिसायचा. डिपॉझिटपुरती कॉइन तेव्हा होती. मी म्हटलं, "थांब गं, एकदा फिरवतो, हॉलसकट घेऊ."

"मला हॉल नको रे. संध्याकाळी तू घरी हवास."

मी फिरवली. वाढली, निम्मी झाली, परत वाढली. खोली दुसऱ्यांना गेली. ती भांडली नाही, तेच वाईट. माझ्या वाढदिवसाला तिचा मेसेज अजून येतो. मी डोंगरात असतो, रेंज आली की वाचतो. घाटातून परत येताना वाट वाकडी करून त्या खिडकीखालून जातो. निळा पडदा आहे. तिने त्या खिडकीसाठी पिवळं कापड घेऊन ठेवलं होतं. त्याचं काय केलं, हे विचारायचं राहिलंय.

तिला सक्त सूचना: यातलं काहीही परत गुंतवू नये.

कलम ५. पासवर्डचे बारा शब्द प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मम्मी वर्षाचा मसाला बिअरच्या बाटलीत भरते, त्यात ठेवलेत. मसाला संपल्याशिवाय बाटली फोडू नये. शिव्या मलाच पडतील.

कलम ६. बुलेट माझा शाळेपासूनचा दोस्त ॲश्टनला.

इथे शेजारचे चंद्रप्रकाश काका, जे कोर्टाबाहेर टायपिंग करतात, मध्येच बोलले, "साक्षीदाराला काही मिळत नाही रे. गाडी घे, नाहीतर सही कर."

"आणा पेन," ॲश्टन म्हणाला. "गाडी तशीही मीच चालवतो." मग त्याने कलम चार वाचलं. "येड्या, मेल्यावर देणार तिला? काय करेल ती त्याचं, तुझ्या फोटोला पडदा शिवेल?"

चहावर साय धरली. मग मी मोबाइल काढला आणि सगळी कॉइन सोडवायला लावली.

कलम ७. बंद कॉइन सुटायला तीन आठवडे लागतात. तोवर विकता येत नाहीत, भाव पडला तर नुसतं बघायचं. आमच्या चर्चमध्येही लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, कोणाची हरकत आहे का म्हणून. आज संध्याकाळी मी तिच्या क्लिनिकवर जातोय. ती काय म्हणेल, माहीत नाही.

तेव्हा हे मृत्युपत्र तीन रविवारांपुरतंच. त्यात मेलो तर वरीलप्रमाणे. जगलो तर चंद्रप्रकाश काकांनी फाडावं. ती नाही म्हणाली तरी फाडावं. निदान पिवळ्या कापडाचं काय झालं, ते मला कळलेलं असेल.

सही: वॉरेन बॅप्टिस्ट परेरा
आमच्यासमोर सही केली, शुद्धीत होता:
१. चंद्रप्रकाश तावडे
२. ॲश्टन डिमेलो (गाडी सोडून)
मरोळ गावठण, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५