लाव आणि घालव

३ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून नवीन आयुष्य. कचेरीतून महिन्याभराची बिनपगारी रजा. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त तारीख टाकायची. तो हातात पडल्यावर साहेबांचं तोंड बघण्यासारखं होणार.
कल्पना: स्मार्ट बटण, पण दिसायला आजोबांच्या काळातलं. काळं, गोल, कळ खाली ओढली की खट्. लॉजवाले शेट २८ तारखेला बघायला येणार. पसंत पडलं तर साठ खोल्यांचं काम. नाही पडलं तर पुन्हा कचेरी. पण असला विचार हरणारे करतात.

५ मार्च
सासरे निवृत्त वायरमन, मुक्काम आमच्याकडेच. त्यांनी विचारलं, याने काय होतं? म्हटलं, दिवा लागतो. ते म्हणाले, मग आमच्या बटणांनी काय होत होतं? जुनी पिढी. वाद घातला नाही.

९ मार्च, दुपारी
खट् हवा, येतोय टक्. दिवसभर कळ ओढत बसलो. शेजारच्या काकू विचारून गेल्या, सुतार कधी जाणार.

१२ मार्च
प्रतिभेचा झटका! हात कशाला? तोंडाने सांगायचं, आतली मोटर कळ हलवेल. आणि 'ऑन', 'ऑफ' नकोच. पारंपरिक बटणाला पारंपरिक भाषा: दिवा 'लाव', दिवा 'घालव'. एवढे दोन शब्द कानावर पडले की पुरे, पुढचंमागचं ऐकायची गरज नाही.

१३ मार्च, सकाळी
ही स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, कुकर लावलाय, लक्ष ठेवा. हॉलमध्ये खट्, दिवा लागला. पाठोपाठ, सगळा दिवस त्या डबड्यात घालवू नका. खट्, दिवा गेला. किरकोळ बाब. यंत्र सतर्क आहे, हा गुणच.

१७ मार्च
घरात दोन्ही शब्दांना बंदी. ही आता दार ओढून घेते आणि कुकर चढवते. सासरे मात्र मुद्दाम करतात. फोनवर मित्राला सांगत होते, जावयाने नोकरी घालवली, आता अब्रू घालवायला लावणार. बटणाला नक्की काय करावं कळेना. कळ बराच वेळ थरथरत होती. फार वाईट वाटलं. बटणाचं.

२३ मार्च
संकल्प: उद्यापासून प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकणे.

२४ मार्च
डोकं दुखत होतं.

२५ मार्च
बटणाला पॉलिश केलं. शेट आधी चकाकी बघतील.

२७ मार्च
मला परत जायचं नाही. बारा वर्षं त्या टेबलावरून फक्त साहेबांची पाठ दिसते. पण उद्या जमणारच. शेट मितभाषी आहेत असं ऐकलंय.

२८ मार्च, संध्याकाळी
चुकीचं ऐकलं होतं.
दारातच म्हणाले, फार उशीर लावला का मी? खट्, उजेड. खूश झाले. मी छाती काढली. मग टेकता टेकता म्हणाले, उभं आयुष्य घालवलं हो या धंद्यात. खट्, अंधार. चष्मा लावून बघतो, म्हणाले. खट्. शेवटी म्हणाले, खोल्यांत नवरा-बायको उतरतात, त्यांचे खटके उडाले की माझे दिवे उडायचे.
हात धुवायला गेले. बाथरूमचं बटण एकदा दाबलं, दोनदा, तिसऱ्यांदा डोळे मिटून. बाहेर येऊन विचारलं, हे कुणी बसवलं? पंधरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी. साधं, बाजारातलं. शेट म्हणाले, अशी साठ बसवून द्या.
सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, काय उजेड पाडलात, जावईबापू! पहिल्यांदाच कौतुक केलं. मी आभार मानले.

३ एप्रिल
कचेरीत हजर. साहेबांनी वळून न बघता विचारलं, रजा कशी गेली? म्हटलं, संशोधनात.

५ एप्रिल, रविवार
लॉजचा प्रकल्प अखेर उभा राहिला! चार खोल्या पूर्ण. बटणं सासरे बसवतात, मी सल्लागार आहे. काम रविवारचं, शिडी धरून करायचं. सल्ला मात्र अजून एकही देता आलेला नाही. मी बोललो की शिडी हलते, असं सासऱ्यांचं म्हणणं.